उंबऱ्यावरचं कारण

"तिला इचार, ह्ये युद्ध कशापायी चाललंय," आबा म्हणाले.

मी विचारलं. बाई पन्नाशीच्या, गोऱ्या, नाक थंडीनं लालभडक झालेलं आणि हातात स्वतःपेक्षा उंच फलक. "तेलासाठी, आणखी कशासाठी?" त्या म्हणाल्या. मी ते आबांना मराठीत सांगितलं. आबांनी कानटोपी आणखी खाली ओढली.

"तेलवाली लई भेटली. दुसरं कायतरी सांगणारा बघ."

साल दोन हजार तीन, फेब्रुवारीतला शनिवार. इराकवर हल्ला होऊ नये म्हणून लंडनच्या रस्त्यांवर लाखो माणसं उतरली होती. सरकार सांगत होतं की इराकपाशी महाभयंकर हत्यारं आहेत, गुप्तहेरांची पक्की खबर आहे, हुकूम सुटल्यावर पाऊण तासात ती डागता येतील. लोक म्हणत होते, दाखवा. सरकार म्हणत होतं, गुप्त आहे, दाखवता येत नाही, विश्वास ठेवा. त्याच महिन्यात सरकारनं काढलेल्या एका पुस्तिकेत कुणा विद्यार्थ्याच्या प्रबंधातला मजकूर जसाच्या तसा उतरवलेला निघाला. ती बातमी मी वाचून दाखवली तेव्हा आबांना हसता हसता ठसका लागला होता. "कॉपी करून पास व्हाया निघाल्यात," ते म्हणाले, आणि मग पेपर माझ्या हातातून घेऊन मिटून ठेवला. कारण माझा धाकटा भाऊ धैर्यशील त्याच सरकारच्या फौजेत होता आणि दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला घरी येणार होता.

आबा म्हणजे संपतराव फडतरे. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, उभा जन्म मात्र लंडनजवळच्या स्लाऊ नावाच्या गावात बसगाड्यांच्या इंजिनांखाली उताणं पडून गेलेला. निवृत्त झाले होते. इंग्रजी डेपोपुरतं यायचं, म्हणून असल्या ठिकाणी मला बरोबर नेत. मी त्यांची थोरली. स्वभावानं चिडकी आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको.

त्या गर्दीत घोषणा देणारे होते, गाणारे होते, कडेवर पोरं घेऊन आलेले होते. आबांनी एकही घोषणा दिली नाही. शेजारचा पॅट आमच्याबरोबर होता, आयरिश, आबांचा डेपोतला जुना जोडीदार. त्यानं एक फलक त्यांच्या हातात कोंबला. "काय लिव्हलंय?" आबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "माझ्या नावानं नको."

"अस्सं. मग कुणाच्या नावानं पाठवू त्येला?" असं म्हणून त्यांनी फलक पॅटला परत दिला.

हे समजायला आमच्या घरची रीत सांगायला हवी. आबांचे आजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून मेसपोटला गेले होते. मेसपोट म्हणजे आत्ताचं इराकच. तिथं वेढ्यात अडकले, खेचरं खाऊन जगले, मग तुर्कांच्या कैदेत कुजले. परत आले तेव्हा त्यांना अंगणातलं लिंबाचं झाड ओळखता येईना. पुढं माणसांत आले, पण आल्यागेल्याला एकच विचारत, "आमी कशापायी गेल्तो रं?" कलेक्टरपर्यंत जाऊन आले. कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हा त्यांनी घराला नियम घालून दिला. या घरातला माणूस लढाईवर निघाला की त्यानं उंबऱ्यावर थांबून विचारायचं, कशापायी? आणि घरातल्या वडीलधाऱ्यानं कारण द्यायचं. कारण थोर नसलं तरी चालेल, खरं पाहिजे. खोटं कारण देऊन पाठवलेला माणूस तो उंबरा पुन्हा ओलांडत नाही.

त्यांनी स्वतःच्या मुलाला दुसऱ्या महायुद्धाला पाठवताना सांगितलं होतं, "घरला हीर व्हईल, म्हणून जा." तो गेला, परत आला आणि विहीर खणली. आबांच्या थोरल्या भावाला एकाहत्तर साली बांगलादेशच्या लढाईवर निघताना सांगितलं गेलं, "ज्यांची घरं जाळली ती माणसं रानोमाळ झाल्यात, त्यास्नी घरला जाता यावं म्हणून जा." तो लंगडत का होईना, परत आला. ही भाबडी समजूत आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. ग्रंथालयात नोकरी करणारी, शिकलीसवरलेली बाई मी. पण आबांना खुळं म्हणायची माझी छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर नियम मोडून बघायची माझीही तयारी नव्हती.

संध्याकाळपर्यंत आम्ही हिंडलो. एक म्हातारा म्हणाला, अमेरिकेला नाही म्हणायची आपली टाप नाही म्हणून. एक पोरगी म्हणाली, निवडणुकांसाठी. पाण्याच्या कारंज्याच्या काठावर बसून आबांनी आईनं बांधून दिलेली भाकरी सोडली, पॅटला चतकोर दिली, ठेच्यानं पॅटच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तेलासाठी जा, असं सांगू का पोराला?" आबा मला म्हणाले. "का कुणाची तरी टाप न्हाई म्हणून जा? आगं, एवढ्या लाख माणसांत एक जण म्हणंना की सरकार सांगतंय त्ये खरं हाय."

"आबा, खरं नाही म्हणूनच तर आलीत ही माणसं."

"त्ये कळतंय मला. पण मला खरं पायजे हुतं."

रविवारी सकाळी धैर्यशील आला. बारा गावचं पाणी प्यायल्यासारखा हुशार, पण अभ्यासात भोपळा. कॉलेज अर्धवट सोडून फौजेच्या इंजिनिअर तुकडीत गेला होता, पूल बांधायचे, पाइप टाकायचे. पलटणीत त्याला डेझ म्हणत. घरात पाऊल टाकलं की मात्र त्याची सातारी सुरू व्हायची, तीही इंग्रजी हेल काढून, आणि आई पदरानं डोळे पुसत हसायची. त्या दिवशी आईनं कोंबडीचा रस्सा केला होता. तो जेवला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि बाही सरकवून दंड दाखवला.

"अक्का, बघ. हे इंजेक्शन ॲन्थ्रॅक्सचं. आणि गॅसचे सूट पण दिलेत. आता मला सांगा आबा, तिकडं काहीच नसतं तर एवढा खर्च सरकारनं उगीच केला असता व्हय?"

आबांनी त्याची बाही खाली ओढली. मीच तोंड उघडलं. "पावसाची खबर खोटी असली तरी छत्री विकणारा छत्री विकतोच."

"तू गप गं," आई म्हणाली.

धैर्यशील हसला, पण त्याचं हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. त्यानं ताट बाजूला सारलं. "आबा, तुम्ही काल मोर्च्याला गेला होता म्हणं. पॅटकाकाच सांगत होता मघाशी दारात."

"गेल्तो."

"माझ्या खोलीतली पोरं मोर्चा टीव्हीवर बघत होती. एकानं पडद्यावर बूट फेकला. मी काहीच बोललो नाही, कारण म्हटलं, त्यात माझा बाप असंल." त्यानं पेल्यातलं पाणी संपवलं. "मला तिथं जाऊन विचार करत बसायचं नाही आबा. विचार करणारा तिथं मरतो. सार्जंट सांगतो आमचा. मला एकदा कुणीतरी घरचं म्हणायला पाहिजे, की हत्यारं आहेत. बास."

"जाऊ नको," आबा म्हणाले.

इतकं साधं म्हणतील, असं मला वाटलं नव्हतं. आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

"तुरुंगात घालतील मला."

"घालू दे. तुरुंगातनं मानूस भाईर येतंय."

"आणि माझी पोरं? माझ्या तुकडीतली? ती जाणार आणि मी तुरुंगात भाकरी मोडत बसणार? आबा, मी फडतऱ्यांचा हाय. कसं बोलताय तुम्ही?"

लहानपणापासून त्याच्या कानात पणजोबा, आजोबा, काका यांच्या गोष्टी कुणी भरल्या होत्या? आबांनीच. धैर्यशील बूट घालायला खोलीत गेला, तशी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अवो, ऐकताय न्हवं? त्यो जानार हायच. तुमी न्हाई म्हणला तरी जानार. मग मनात किडा घेऊन कशाला पाठवायचा? त्येला काय ऐकायचंय त्ये सांगा की."

"तुला नियम ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय. पण पोरगं भ्यालंय. तुमाला दिसंना?"

मला वाटलं होतं आई तरी आबांच्या बाजूनं राहील. पण आज मी स्वतः दोन मुलांची आई आहे, आणि त्या दारात मी असते तर काय बोलले असते, हे मला विचारू नका.

आमच्या त्या घराला कसला उंबरा! ॲल्युमिनियमची एक पट्टी, तिच्यात रबर खोचलेलं, पाऊस आत येऊ नये म्हणून. आईनं तिला हळदीकुंकू वाहिलं. धैर्यशील पाठीवर पिशवी टाकून आला, वाकला, आबांच्या पायांना हात लावला आणि सरळ उभा राहिला. अंगावर वर्दी होती. रस्त्यापलीकडून पॅट बघत होता.

"आबा, कशापायी?"

आबांनी चौकटीला हात टेकला. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा, तुझ्या तुकडीतल्या पोरांसाठी जा म्हणून सांगा, फौजेच्या कागदावर सही केलीस म्हणून जा, तेही खरंच आहे. पण धैर्यशील त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत होता ना, शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकात उभं राहून बघितलं होतं तशा, त्या नजरेला असलं काही पुरलं नसतं.

"त्यांच्यापाशी वंगाळ हत्यारं हायती," आबा म्हणाले. "बायापोरं मारायची. ती काढून घ्यायला जा."

"आहेत ना?"

"हायती. पक्की खबर हाय."

धैर्यशीलचे खांदे सैल झाले. त्यानं आबांना घट्ट मिठी मारली, आईला जवळ घेतलं, माझी वेणी ओढली आणि "येतो" म्हणून पट्टी ओलांडून गेला. आबा दारातच बसले. आईनं चहा आणून दिला तो त्यांनी घेतला नाही.

युद्ध मार्चमध्ये सुरू झालं आणि बघता बघता बगदाद पडलं. जिंकलेल्या सैन्यानं हत्यारं शोधायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून आमच्या घरात एक विचित्र गोष्ट घडू लागली. ज्या माणसाला सरकारची खबर म्हणजे थट्टा वाटायची, तो माणूस टीव्हीपुढं ठाण मांडून बसू लागला. मी कामावरून आले की पहिला प्रश्न, "घावली का?" कुठं कुठल्या पिंपांत काही सापडल्याची बातमी आली की आबा उभे राहत, आईला हाक मारत, शेजारी जाऊन पॅटला सांगत. दुसऱ्या दिवशी बातमी यायची, ती पिंपं पिकांवर फवारायच्या औषधाची होती. कुठं दोन मोठ्या गाड्या सापडल्या, त्यांत म्हणे विष बनवायचा कारखाना. आबांनी देवापुढं साखर ठेवली. पुढं शास्त्रज्ञ म्हणाले, त्या हवामान बघायचे फुगे भरायच्या गाड्या दिसतात.

एकदा पॅट आमच्या परसात येऊन बसला होता. गडी खुशीत होता. "सॅम, आपण बरोबर होतो की नाही? काही नव्हतंच तिथं. सगळी बनवाबनवी." डेपोत आबांना सॅम म्हणत.

आबा ताडकन उठले. "आसंल! वाळवंट हाय त्ये, येवढं मोठं. पुरलं आसंल कुठंतरी. तुला काय ठावं?" हे सगळं मराठीत. पॅट माझ्याकडं बघू लागला. मी म्हटलं, आबांची तब्येत बरी नाही. पॅट निघून गेला, आणि चाळीस वर्षांच्या दोस्तीत पहिल्यांदा आबांनी त्याला दारापर्यंत सोडलं नाही.

मी खूप समजावलं. चिडले, ओरडले. "दुसऱ्यांनी रचलेल्या खबरीचा भार तुम्ही कशाला वाहताय? खोटं ते बोलले!"

"त्ये टीव्हीला बोलले," आबा म्हणाले. "पोराला मी बोललो."

धैर्यशीलचा फोन अधूनमधून यायचा, थोडाच वेळ. तो बसऱ्यात होता. जूनमधल्या एका दुपारी फोन आला तेव्हा आवाज चांगला लागत होता. आबा आणि आई दोघांनाही ऐकू यावं म्हणून मी फोनचा स्पीकर लावला.

"आबा, एक गोडाऊन फोडलं आम्ही, सगळे सूट घालून, घामानं आंघोळ. आत काय? कोंबड्यांचं खाद्य!" तो खदखदून हसला.

"नीट हुडका," आबा म्हणाले.

"अहो, काही नाही इथं. आता कुणी शोधतपण नाही. आम्ही पाण्याचे नळ जोडतोय वस्तीत. बाया कळशा घेऊन उन्हात उभ्या असतात आबा, आपल्या गावाकडं असायच्या तशा. पाणी आलं की पोरं ओरडतात." मग म्हणाला, "तुम्हाला आधीच ठाऊक होतं का, हत्यारं नाहीत ते? नाही, सहज विचारतो."

आबांनी फोनकडं बघितलं. आईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "न्हाई बाळा," आबा म्हणाले. "मला खरंच वाटलं हुतं."

"मग ठीक आहे," धैर्यशील म्हणाला. "मलापण वाटलं होतं."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "ऐकलंत ना? पाणी देतोय तो. हे खरं कारण झालं की नाही? झालं ना आबा?"

आबांनी नकारार्थी मान हलवली. खरं कारण आधी द्यायचं असतं, मागून नाही, असं काहीसं पुटपुटले आणि परसात जाऊन बसले.

ऑगस्टमध्ये एका वस्तीत पाइप घेऊन जाताना रस्त्यात पेरलेला बॉम्ब फुटला. धैर्यशील आणि त्याचा सार्जंट, दोघं गेले. वर्दीतली दोन माणसं दारात आली तेव्हा आबा दार उघडायला उठले नाहीत. आईनं उघडलं. ते सगळं मी लिहिणार नाही. त्या दिवसापासून माझ्या आईला मी मोठ्यानं हसताना पाहिलेलं नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. हत्यारं नव्हती. खबर कच्ची होती, ती पक्की करून सांगितली गेली. कुणी मुद्दाम खोटं बोललं असं मात्र नाही, कुणी एकटा जबाबदार नाही. ज्यांनी ज्यांनी ते सांगितलं त्यांतल्या एकाचीही खुर्ची गेली नाही, उलट काहींना बढत्या मिळाल्या. मी सैन्याला खरमरीत लिहिलं, आमच्या घरी कुणीतरी या आणि तोंडावर उत्तर द्या. माझा अंदाज होता की पत्र केराच्या टोपलीत जाईल. पण खरंच एक कर्नल आले.

माणूस सभ्य होता. बूट दारात काढले. आईच्या हातचा चहा घेतला. धैर्यशीलनं जोडलेल्या नळांविषयी बोलले, त्याच्या विनोदांविषयी बोलले. माझे प्रश्न तयार होते. कोण बोललं, कुणी लिहिलं, कुणाला माहीत होतं, एकूण एक. मी सुरुवात करणार, तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"साह्यबाला सांग," ते मला म्हणाले, "पोराला खोटं कारण मी दिलं. मी खोटं सांगून पाठवला त्येला."

"मी नाही सांगणार हे," मी म्हटलं.

"सांग."

"आबा, यांनी खोटं बोलायचं आणि माफी तुम्ही मागायची? मी मेले तरी सांगणार नाही!"

कर्नल गोंधळून आमच्याकडं बघत होते. काय म्हणतात वडील, त्यांनी विचारलं. मी तोंड फिरवलं. मला रडू आवरत नव्हतं. तेव्हा आबा खुर्चीत पुढं सरकले आणि डेपोतल्या इंग्रजीत, एकेक शब्द शोधत, त्यांनी स्वतःच सांगितलं, की माझ्या मुलानं मला विचारलं होतं आणि हत्यारं आहेत असं मी त्याला सांगितलं होतं.

कर्नलांचा चेहरा सैलावला. हे त्यांना झेपण्यासारखं होतं. त्यांनी कप खाली ठेवला, वाकून आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाले, "स्वतःला दोष देऊ नका, मिस्टर फडतरे. त्या वेळी आपण सगळ्यांनीच ते खरं मानलं होतं."

आबांनी तो हात हळूच बाजूला केला.

"मी मानलं नव्हतं, साहेब," ते म्हणाले. "तरी सांगितलं."